मान कुणाच्या हाती द्यायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गेल्या हंगामातली गोष्ट सांगते. दिवाळीनंतर आमच्या मानवतला कापसाची आवक सुरू झाली की गावाचे रूपच पालटते. जिनिंगकडे जाणाऱ्या वाहनांच्या रांगा, मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या आणि हमालांची लगबग. अशाच एका सकाळी मोंढ्यात हमाली करणारे चाळिशीचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गावात मला ‘व्यायामवाल्या मॅडम’ म्हणतात, काही जण ‘मालिशवाल्या मॅडम’ही म्हणतात, आणि आता ते मी मनाला लावून घेत नाही.

गृहस्थ म्हणाले, “म्याडम, उजव्या हातातला चहाचा कप गळून पडायलाय.”

कधीपासून, असे विचारले तेव्हा हकीकत कळली. आठेक दिवस मान आखडली होती. एका गावी मंगल कार्यालयात शिबिर होते. फलकावर लिहिलेले, ‘मणक्याचे सर्व आजार, विना औषध, विना ऑपरेशन, कायरोप्रॅक्टिक पद्धतीने’. फलकावर एक फोटो, नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर इंग्रजी अक्षरांची आगगाडी. मोबाईलवर त्या माणसाचे व्हिडिओ यांच्या मुलाने पाहिलेले. त्यात मान वळते, कडकन आवाज येतो आणि झोपलेला माणूस हसत उठतो. यांनी पैसे भरले, टेबलावर झोपले. त्याने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटक्याने फिरवली. आवाज झाला. टाळ्याही झाल्या म्हणे. संध्याकाळी दंडातून कळ निघाली ती बोटांपर्यंत गेली आणि तिसऱ्या दिवशी पकड ढिली पडली.

मी तपासले. हाताची ताकद कमी झाली होती. अशा वेळी व्यायाम देत बसायचे नसते. मी त्यांना त्याच दिवशी परभणीला पाठवले, तिथे एम.आर.आय. झाला आणि मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबत असल्याचे दिसले. पुढे नांदेडला शस्त्रक्रिया झाली. आता न्यायाने बोलायचे तर ती गादी आधीच सरकलेली असेल. पोती उचलून उचलून झिजलेली मान होती ती. पण त्या झटक्याआधी बोटे चालत होती आणि नंतर चालेनाशी झाली, एवढे खरे. मान फिरवण्याआधी त्या इसमाने हातात मुंग्या येतात का, हे साधे विचारलेही नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर ते व्यायामासाठी माझ्याकडे येऊ लागले. एके दिवशी त्यांनी विचारले, “म्याडम, त्याची तक्रार कुठं करायची?”

श्रोतेहो, इतकी वर्षे या व्यवसायात काढून मला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. आजचे बोलणे त्यासाठीच आहे.

आधी हे कायरोप्रॅक्टिक काय आहे ते थोडक्यात पाहू. शब्द ग्रीक भाषेतल्या ‘हात’ आणि ‘कृती’ यांच्यावरून बनवलेला. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने एका सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले असा दावा केला. तिथून ही पद्धत निघाली. मणका जागेवरून ढळला की सगळे आजार होतात, हा पामर यांचा सिद्धान्त आज विज्ञानाला मान्य नाही. मात्र कंबरदुखीच्या काही रुग्णांना हाताने केलेल्या अशा उपचाराने आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितपत, हे अभ्यासांतून दिसले आहे. आणि मानेला झटका देताना मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो, क्वचित का होईना, हेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहे.

तो जो कडकन आवाज येतो, त्याने आपले लोक फार भुलतात. “हाड जागेवर बसलं” म्हणतात. हाड कुठेही बसत नाही, कारण ते उठलेलेच नसते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की त्यात वायूचा बुडबुडा तयार होतो, आवाज येतो तो त्याचा. आपण बोटे मोडतो तेव्हा होतो तोच.

तर या पामर महाशयांना १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल शिक्षा झाली. त्यांनी दंड भरायचे नाकारून काही दिवस तुरुंगात काढले. त्यांच्यामागून कित्येक कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेले. मग तिथल्या एकेका राज्याने वाट काढली. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये परवान्याचा पहिला कायदा केला आणि लुइझियाना या शेवटच्या राज्याने १९७४ मध्ये. म्हणजे एका देशातल्या सगळ्या राज्यांनी एक व्यवसाय नोंदवून घ्यायला ६१ वर्षे लावली. त्यातही डॉक्टरांच्या संघटनेने या लोकांवर टाकलेला बहिष्कार बेकायदा आहे, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा केला. तिथे नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणे हाच गुन्हा ठरतो.

आता कुणी म्हणेल, ज्या पद्धतीचा मूळ सिद्धान्तच पटत नाही तिला परवाना कशाला? मलाही हा प्रश्न पडतो. परवाना दिला म्हणजे शासनाने शिक्का मारला, असे लोक समजतात, ही त्यातली खरी अडचण आहे. पण परवान्याची दुसरी बाजू रुग्णाच्या कामाची असते. माणूस किती शिकला हे तपासता येते, त्याने काय करू नये हे लिहिलेले असते, आणि चूक झाली तर नाव कमी करण्याची भीती असते. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी ना केंद्राचा कायदा आहे, ना महाराष्ट्राचा. परदेशात रीतसर शिकून आलेले थोडे लोक मोठ्या शहरांत काम करतात, आणि चार व्हिडिओ पाहून शिकलेला मंगल कार्यालयात शिबिर घेतो. दोघांच्या फलकावर शब्द एकच. ओळखायचे कसे?

इथे मला माझ्या आजोबांबद्दल सांगितले पाहिजे. आईचे वडील मानवतचे हाडवैद्य होते. शेती थोडकी, पण सकाळी ओसरीवर माणसे बसलेली असायची. कुणाचा झाडावरून पडून हात मोडलेला, कुणाचा बैलाच्या लाथेने पाय. बांबूच्या कामट्या तासून, कापडात गुंडाळून ठेवलेल्या असत. आजोबा हाड चाचपून सरळ करायचे, त्यावर लेप लावायचे आणि कामट्या बांधायचे. पैसे मागायचे नाहीत. कुणी ज्वारी द्यायचे, कुणी नारळ. कंबरेत उसण भरली तर मात्र आजोबांकडे कुणी येत नसे, त्यासाठी गल्लीत एक पायाळू बाई होत्या. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने कंबरेवर पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. लोक त्यांच्या दारात पालथे पडायचे आणि त्या भाजी निवडता निवडता उठून पाय लावून परत निवडायला बसायच्या. उसण बहुधा चार दिवसांत आपोआप जाते. त्यामुळे बाईंची कीर्ती कायम राहिली.

आजोबांचे काही नियम होते. कातडी फाटून हाड बाहेर आले असेल तर हात लावायचा नाही, मोटारीत घालून परभणीला पाठवायचे. बांधल्यावर बोटे गार पडली किंवा निळी झाली तर रात्री बाराला आले तरी सोडायचे. हे नियम त्यांनी कुठे वाचले नव्हते.

आणि तरीही एकदा चुकले. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, कोपराजवळ मोडलेले. आजोबांनी बांधले. मुलाचे गाव आडवाटेला, पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी. मुलगा रात्रभर रडत होता, पण घरच्यांना वाटले मोडले आहे म्हणजे दुखणारच. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा हात सुजून काळपट पडला होता. हात वाचला, पण बोटे कायमची आत वळली. पुढे कॉलेजात पुस्तकात मी त्या हाताचे चित्र पाहिले, त्याला शास्त्रीय नाव होते. रक्तपुरवठा तुटल्याने स्नायू आखडतात, आणि कोपराजवळ मोडलेल्या लहान मुलांत हे होण्याचा धोका अधिक, असे खाली लिहिलेले होते. त्या दिवशी मी जेवले नाही.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे आहे. मी त्यांना बाजारात अधूनमधून भेटते. ते मला “वैद्यबुवांची नात” म्हणूनच ओळखतात, आणि आजोबांबद्दल कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलावे असे मला कधी कधी वाटते. आजोबांनी त्यानंतर लहान मुलांचे कोपर कधी बांधले नाही. तक्रार कुणी केली नाही, करायची तरी कुठे? ज्याच्या मनात होते त्याने स्वतःला शिक्षा करून घेतली, इतकेच.

कायदा तेव्हाही होता बरे का. मुंबई प्रांतात १९३८ सालीच वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. शिकलेल्यांसाठी नोंदवही, आणि परीक्षा न दिलेल्या पण व्यवसाय चालू असलेल्यांसाठी वेगळी यादी. पण आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, तो कायदा आमच्यापर्यंत पोचलाच नाही. पुढे महाराष्ट्र झाला आणि १९६१ मध्ये संपूर्ण राज्यासाठी वैद्यक व्यावसायिक अधिनियम आला. त्याच्या ३३ व्या कलमाने नोंदणीशिवाय वैद्यकी करण्यास मनाई केली. आजोबांना कुणीतरी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते, “हाडाला कागद वाचता येत नाही.” आम्ही सगळे हसलो होतो. त्या मुलाचा हात पाहिल्यावर मला ते वाक्य पूर्वीसारखे आवडत नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात स्पष्टच सांगितले की मान्यताप्राप्त पात्रता नसताना केवळ परंपरेच्या आधारावर वैद्यकी करता येणार नाही. दुसरीकडे भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणीकरणाची योजना आहे, तिच्यात हाड बसवण्याचे कौशल्यही येते. परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या, पण त्याने व्यवसायाचा कायदेशीर हक्क मिळत नाही. म्हणजे एक हात पाठीवरून फिरवतो आणि दुसरा कान पकडतो. खेड्यातला हाडवैद्य या दोन्ही हातांच्या मध्ये उभा आहे.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायाकडे येते, कारण दुसऱ्याच्या परवान्याबद्दल बोलायचे तर आपला आधी दाखवावा. फिजिओथेरपी आणि तिची सख्खी बहीण ऑक्युपेशनल थेरपी या दोन्ही विद्यांचे भारतातले माहेर मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय. १९५० साली कमला निंबकर यांनी तिथे ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. या कमलाताई जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत, पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ, तिथे फिजिओथेरपीचेही शिक्षण सुरू झाले. पण या दोन्ही व्यवसायांची नोंदणी करणारी परिषद स्थापण्याचा महाराष्ट्राचा कायदा कधीचा? २००२ चा अधिनियम, आणि तो अमलात येण्याजोगा झाला २००४ मध्ये. मधली ५० वर्षे शिकलेले लोक काम करत होते आणि राज्याच्या कुठल्याच वहीत त्यांचे नाव नव्हते.

मी पदवी घेतली ती त्या काळात. आजोबांच्या ओसरीपासून चार गल्ल्यांवर दवाखाना टाकला तेव्हा माझ्याकडे विद्यापीठाचा कागद होता, पण नोंदणी क्रमांक नव्हता. माझ्या हातून एखाद्याची मान बिघडली असती तर त्याने माझी तक्रार तरी कुठल्या परिषदेकडे केली असती? नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले तेव्हा मी क्रमांक दारावरच्या पाटीवर लिहून घेतला. पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंनी नातवाला तो मोबाईलवर लावायला सांगितला. “लागत न्हाई की हो तुमचा फोन,” म्हणाल्या.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. यात प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, आम्ही फिजिओथेरपिस्ट, असे कितीतरी व्यवसाय आले. त्यातली आमची व्याख्या मला महत्त्वाची वाटते. व्यायाम, सांधे हलवणे आणि हाताने दिलेले झटके, ज्याला इंग्रजीत मॅनिप्युलेशन म्हणतात, ही सगळी साधने त्या व्याख्येत आली आहेत. फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे किंवा इतरांबरोबर काम करू शकतो आणि त्याच्याकडे किमान पदवी हवी, हेही लिहिले आहे. म्हणजे मंगल कार्यालयात त्या इसमाने जे केले ते करण्यासाठी कायद्याने एका व्यवसायाला पदवी आणि नोंदणीची अट घातली आहे. फलकावर त्याने स्वतःला ‘फिजिओथेरपिस्ट’ म्हटले असते तर त्याला धरता आले असते. त्याने ‘कायरोप्रॅक्टर’ म्हटले आणि वादाला जागा करून ठेवली. मी सुई देत नाही, गोळी देत नाही, मग मी वैद्यकी करतो कुठे, असा त्याचा पवित्रा असणार. बोगस डॉक्टर शोधायला आपल्याकडे जिल्ह्याला, तालुक्याला समित्या आहेत. पण त्यांची नजर इंजेक्शनच्या सुईवर असते. नुसत्या हातांनी काम करणारा त्या नजरेखालून निसटतो.

आणि कायदा झाला म्हणजे लगेच अंमल झाला असे नाही, हे काय मी सांगायला हवे? राज्यांनी आपापल्या परिषदा सहा महिन्यांत स्थापायच्या होत्या. तीन वर्षे उलटली तरी बहुतेक ठिकाणी काम अडलेले होते. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली.

त्या मानाने आम्ही कशावर भांडलो ते पाहा. नावाआधी ‘डॉ.’ लावायचे की नाही यावर! एप्रिल २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टने आधी ‘डॉ.’ आणि नंतर ‘पीटी’ लावावे असे आले. सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढले की लावू नये. दुसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतले. डॉक्टर रागावले, आम्ही रागावलो, वर्तमानपत्रांत रकाने भरले. माझे मत विचाराल तर, मंगल कार्यालयातल्या त्या इसमानेही ‘डॉ.’ लावलेच होते. ज्याला विचारणारे कुणी नाही तो काहीही लावतो. आमच्या मोंढ्यातल्या हमालबांधवांना त्या दोन अक्षरांपेक्षा पाटीवरचा क्रमांक खरा की खोटा हे तपासता येणे जास्त गरजेचे आहे. तोही मराठीत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी. तक्रारीसाठी मुंबई गाठायची तर रोजंदारी बुडते, आणि मानवत रोडवरून गाडी धरून कुणी त्यासाठी मुंबईला जात नाही.

नियम नवे करायचे असतील तर माझ्या मते सुरुवात कृतीपासून करावी, पदवीच्या नावापासून नाही. मणक्याला, विशेषतः मानेला झटका देणे ही कृती कुणी करावी, हे एकदा ठरवा. करणारा स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणो, ऑस्टिओपॅथ म्हणो, की आणखी काही. परदेशात रीतसर शिकून आलेल्याला परीक्षा घेऊन वहीत घ्या, त्याला बाहेर ठेवून आपला तोटाच आहे. मालिश करणाऱ्यावर मात्र परवान्याचे ओझे घालू नका. दाढी झाल्यावर मान मोडून देणारे आमचे केशकर्तनालयवाले बंधू आहेत, त्यांना कुणी पोलिसांची भीती दाखवावी असे मला वाटत नाही. त्यांना एवढेच समजावून सांगायला हवे की डोके-खांदे खुशाल चेपा, मानेला झटका देऊ नका. आमच्या गल्लीतल्या दोघांना मी हे सांगितले. एकाने ऐकले. दुसरा म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाईकच मागतं.” तेही खरे आहे.

हाडवैद्यांचे उत्तर मला सापडलेले नाही. त्यांच्यावर सरसकट गुन्हे दाखल करा म्हणताना ओसरीवरचे आजोबा दिसतात, आणि चालू द्या म्हणताना बाजारात भेटणारा तो हात. निदान बोटे गार पडली तर सोडा, उघडी जखम असेल तर पाठवा, मुलाचे कोपर बांधू नका, एवढे त्यांना शिकवणे शक्य आहे. पण बेकायदा माणसाला शासन शिकवणार कसे, आणि शिकवले तर बेकायदा म्हणणार कसे, इथे येऊन मी थांबते.

त्या गृहस्थांचे सांगायचे राहिले. पकड पुष्कळ परत आली आहे, पण पोते उचलायचे नाही, असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बजावले आहे. आता ते काट्यावर वजनाच्या चिठ्ठ्या लिहितात. मजुरी निम्म्यावर आली. आम्ही दोघांनी बसून तक्रार अर्ज लिहिला. तारीख, ठिकाण, फलकाचा मोबाईलवर काढलेला फोटो, एम.आर.आय.ची प्रत. पाठवायचा कुणाला यावर बराच वेळ गेला. शेवटी तीन कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवला. एका ठिकाणाहून उत्तर आले की हा विषय त्यांच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून फलकाची मूळ प्रत मागितली आहे. मूळ प्रत म्हणजे तो फलकच. तो घेऊन शिबिर पुढच्या गावाला गेले.